गवई मुक्कामी राहिला पाहिजे

परवा रात्री एक कार्यक्रम उरकून घरी आलो. केबलच्या पेट्या अजून टेम्पोतच होत्या, हातपायही धुतले नव्हते, तेवढ्यात भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. "मामा, काय करूलालाव?"

भाचा आपल्या सोलापूरचाच, पूर्व भागात वाढलेला. चार वर्षं माझ्याकडं साउंडचं काम शिकला. केबल गुंडाळताना एक वेढा सुलट आणि एक उलट घ्यायचा, म्हणजे पुढच्या वेळी टाकली की गाठ न पडता सरळ उलगडते, हे मी त्याला होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत शिकवलं. आता तो अमेरिकेत फ्लोरिडाहून सुटणाऱ्या एका मोठ्या क्रूझवर साउंड टेक्निशियन आहे. आठ-नऊ महिने पाण्यावर, मग दोन महिने घरी.

त्या दिवशी त्यांचं अख्खं जहाज एका संगीत महोत्सवासाठी घेतलेलं होतं. आपल्याकडं रात्र होती, तिथं भर दुपार. मोबाइल फिरवून त्यानं मला जेवणाची रांग दाखवली. "मामा, तो पिवळ्या बर्मुडातला, हातात ताट घेतलेला दिसतोय का? आज रात्री दीड वाजता तोच स्टेजवर आहे. आणि त्याच्या मागं उभे आहेत ना, ते त्यालाच ऐकायला पैसे भरून आलेत." पिवळ्या बर्मुडावाला मागच्या माणसाला कुठला तरी पदार्थ दाखवून काहीतरी सांगत होता. दोघं हसत होते. पुढं सरकत होते.

एवढंच बघितलं आणि मला अक्षरशः भरून आलं. कारण दोनच तासांपूर्वी मी नेमकं याच्या उलटं बघून आलो होतो.

कार्यक्रम शास्त्रीय गायनाचा. गाणं सुरेख झालं, त्यात काही म्हणायचं नाही. भैरवी संपली, पडदा पडला, आणि मी मॉनिटरची वायर काढेपर्यंत मागच्या दाराशी गाडी सुरू होऊन उभी. गवई थेट गाडीत. पुण्याला पोचायचं होतं, दुसऱ्या दिवशी आणखी कुठं तरी गाणं होतं. पाच मिनिटांनी एक आजोबा जपून पायऱ्या चढत स्टेजवर आले. अक्कलकोटहून एसटीनं आलेले. हातात जुनी वही, तिला वर्तमानपत्राचं कव्हर. वहीत एक बंदिश उतरवून घेतलेली, तिच्या अंतऱ्यातला एक शब्द त्यांना चाळीस वर्षं लागत नव्हता आणि त्या दिवशीच्या गवयाच्या घराण्यातलीच ती बंदिश होती. "गेले का हो बुवा?" त्यांनी मला विचारलं. मी माइकचा स्टँड हातात घेऊन उभा होतो. गेले म्हणालो. त्यांनी वही मिटली, रबर लावलं आणि शेवटची एसटी गाठायला निघाले.

दोष गवयाचा नाही, आयोजकांचाही नाही. पंचवीस वर्षं या धंद्यात आहे, सगळ्यांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. पण गाणं ऐकवणं म्हणजे दोन-अडीच तासांचा माल पोचवणं असं आपण करून ठेवलंय आणि त्यात त्या आजोबांसारख्यांचं जे नुकसान होतं त्याची नोंद कुठंच होत नाही.

जहाजावरच्या महोत्सवांचं नाव काढलं की आपल्याकडं 'श्रीमंतांचे चोचले' म्हणून विषय संपतो. मीही तेच म्हणायचो. भाच्याकडून ऐकत गेलो, वाचत गेलो, तसं मत बदललं.

जहाजावर वाजवणारे पूर्वीही असायचे, पण लोक जेवत असताना वाजवायला. गाण्यासाठीच जहाजावर जायचं, ही गोष्ट वेगळी. १९८०च्या दशकात 'नॉर्वे' नावाच्या जहाजावर जॅझचे महोत्सव भरू लागले. हे जहाज मूळचं 'फ्रान्स', १९६२ साली पहिल्या सफरीला निघालेलं, ३१६ मीटर लांब. पुढं ते २००६ साली आपल्याच गुजरातेत, अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात आलं आणि तिथंच तोडलं गेलं. एवढ्या मैफली झालेलं जहाज आपल्या माणसांनी गॅस कटरनं कापलं, हे वाचल्यापासून तो किनारा माझ्या डोक्यातून जात नाही.

२००१ मध्ये फ्लोरिडातल्याच सिस्टर हेझल या बँडनं आपल्या चाहत्यांना घेऊन 'रॉक बोट' सुरू केली. मग २०११ च्या जानेवारीत मियामीहून '७०००० टन्स ऑफ मेटल' निघाली, अँडी पिलर नावाच्या माणसाची कल्पना. पहिल्या जहाजाचं आकारमान साधारण ७४ हजार टन, त्यावरून हे नाव. (हा टन वजनाचा नसतो, जहाजाच्या आतल्या जागेच्या मापाचा असतो. हे भाच्यानं मला दोनदा समजावलं तेव्हा कळलं.) आता तिथं चार दिवसांत ६० बँड आणि तीन हजारांच्या आसपास श्रोते असतात. संगीत कसलं, तर हेवी मेटल. आपल्या कानाला पाच मिनिटं सोसणार नाही असं. पण त्यांच्या दोन रीती आपण जशाच्या तशा उचलाव्यात अशा आहेत. त्या सांगण्याआधी साउंडवाल्याला राहवत नाही म्हणून थोडं कामाचं सांगतो.

वरच्या डेकवर पोहण्याचा तलाव असतो. मुख्य स्टेज उभं करतात ते त्या तलावावर, आणि जहाज सुटल्यावर. पहिल्या रात्री लोक आतल्या थिएटरमध्ये ऐकत असतात तेव्हा वर ही मंडळी ट्रस, म्हणजे दिवे-स्पीकर टांगायचा सांगाडा, जोडत असतात. जमिनीवर आपण ट्रसला खुंटा ठोकतो, ताण देतो. डेकला खुंटा कुठं ठोकणार? सगळं पट्ट्यांनी आवळून बांधायचं. त्यात वारा. जहाज २० नॉटनं चालत असेल तर हवा अगदी पडलेली असली तरी समोरून ताशी ३७ किलोमीटरचा वारा खायलाच लागतो. वाऱ्यानं वरचा सूर उडून जातो, नुसता ढोल उरतो. खारी हवा कनेक्टर खाते, रोज पुसायचे. आणि डेक पोलादी, म्हणजे बास थोडा जास्त झाला की खालच्या केबिनमध्ये झोपलेल्याच्या पलंगाला कंप जातो. काही जहाजांवर बर्फावर घसरायचं मैदान असतं, ते झाकून तिथंही कार्यक्रम करतात. एवढ्या उठाठेवी करून ते लोक हे का करतात? भाच्याला विचारलं तर म्हणाला, "मामा, जहाज सुटलं की कुणाला निघून जाता येत नाही. सगळी मजा त्यातच आहे."

आता त्या दोन रीती. पहिली, प्रत्येक बँड दोनदा वाजवतो. एकदा चुकला तर दुसऱ्यांदा ऐकायला मिळतो, एवढाच फायदा मला आधी वाटला होता. खरा फायदा वेगळा आहे. पहिल्या दिवशी वाजवणाऱ्याला समोर नुसता अंधार आणि डोकी दिसतात. तिसऱ्या दिवशी तीच माणसं त्याला जेवणाच्या रांगेत, जिन्यात भेटलेली असतात. कुणी काय मागितलंय, कुणाला काय आवडतं ते त्याला माहीत असतं. आपल्या गवयाला अशी दुसरी बैठक कधी मिळते? तीन दिवस त्याच श्रोत्यांत वावरून गायलेला मारवा कसा होईल, कल्पना करून बघा.

दुसरी रीत, तिथं व्हीआयपी रांग नाही. कलाकार आणि श्रोते एकाच आवारात, जवळ जाण्यासाठी वेगळं तिकीट नाही. आपल्याकडं पहिल्या दोन रांगांत पांढरं कापड घातलेले सोफे असतात. मी मिक्सरवर बसतो तिथून ते समोरच दिसतात. अर्धे सोफे मध्यंतरापर्यंत रिकामे आणि मागं जाणकार माणसं भिंतीला टेकून उभी. हे बघून बघून माझे डोळे थकलेत.

मुक्कामाला राहिलेला गवई काय असतो ते मी एकदाच बघितलंय. मी तेव्हा विशी-एकविशीचा, साउंडचं काम शिकवणाऱ्या उस्तादांच्या हाताखाली पेट्या उचलणारा पोरगा. एका मोठ्या गवयाचा कार्यक्रम लांबला आणि मुंबईची रात्रीची गाडी चुकली. लॉजवर जायला ते तयार नव्हते, म्हणून आमच्या उस्तादांनी घरी आणलं. पत्र्याचं घर, पुढं अंगण. पहाटे मला जाग आली ती तंबोऱ्यानं. ते अंगणात सोलापुरी चादर खांद्यावरून घेऊन बसले होते आणि फक्त खर्ज लावत होते. पाव तास नुसता एक सूर. शेजारची माणसं हळूहळू येऊन कट्ट्यावर बसली, एक जण अंघोळीची बादली तशीच घेऊन आलेला. मग त्यांनी ललत घेतला, माइकशिवाय. नंतर चहा, कडक भाकरी, शेंगा चटणी. आणि मग त्यांनी उस्तादांच्या म्हाताऱ्या वडिलांना, जे भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, म्हटलं, "आता तुम्ही ऐकवा." तो म्हातारा आधी लाजला, मग तासभर वाजवत होता आणि तो मोठा गवई हातावर टाळी देत होता. त्या सकाळी मला जे कळलं ते पुढं हजार कार्यक्रमांना साउंड देऊन कळलं नाही.

पूर्वी हे आपोआप घडायचं. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव उभा केला, त्याच्या रात्रभर चालणाऱ्या बैठका ऐकून आलेली माणसं आपल्या सोलापुरात अजून आहेत. पहाटेचे राग पहाटे व्हायचे. मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद झाला. मी या नियमाच्या बाजूचा आहे, साउंडवाला असून. मिरवणुकीला डॉल्बी मी देत नाही. दवाखान्यातल्या माणसाला झोप लागलीच पाहिजे. पण त्याच नियमात बंद सभागृहाला मोकळीक आहे, हे आपण वापरतच नाही. सभागृह तीन-चार तासांच्या सत्रानं घ्यायचं आणि संपवायचं, ही सवय आपली आपणच लावून घेतलीय. समुद्रावर पहाटे चारला गाणं चालू शकतं कारण उठवायला शेजारी नसतो. आपल्याला दार लावून घेता येतं.

माझा एक मित्र म्हणतो, जहाज केवढा धूर ओकतं, किती तेल जाळतं, आणि तिकीट किती. त्याचं बरोबर आहे. भाच्याची केबिन पाण्याच्या पातळीखाली आहे, खिडकी नाही, दुसऱ्या पोराबरोबर वाटून घेतलेली, हेही मला माहीत आहे. मुंबईहून गोव्याला आता मोठं क्रूझ जातं, त्यावर नाट्यसंगीताचा महोत्सव झाला तर मी आनंदानं जाईन. पण सोलापूरच्या माणसानं चारशे किलोमीटर मुंबईला जाऊन मग जहाजात बसावं, असं माझं म्हणणं नाही. जहाजावरून आपण मुक्काम तेवढा घ्यावा.

आणि मुक्काम तर आपल्या रक्तातला. पंढरपूर आपल्या जिल्ह्यात. शेगावची पालखी आषाढीला जाताना सोलापुरात मुक्कामाला असते, तेव्हा संध्याकाळी जाऊन बसा. दिवसभर ज्याच्या मागून चालत आले तोच माणूस आता अभंग म्हणतोय, आणि म्हणून झाला की तोच वाटी घेऊन पंगतीला बसतोय. विणेकरी, टाळकरी, ऐकणारा, कुणाचीच गाडी मागच्या दाराशी उभी नाही.

माझा विचार असा आहे. सोलापूरजवळ तीन दिवस. मंगल कार्यालय किंवा सुट्टीत रिकामं असलेलं एखादं वसतिगृह. दीडशे माणसं, त्याहून जास्त नको. सहा गवई-वादक, प्रत्येकाच्या दोन बैठका, त्यातली एक रात्री उशिरा किंवा पहाटे, दार लावून. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चारही भाषांचं गाणं इथल्या गल्ल्यांत आहे, ते सगळं यावं. गुलबर्गा, विजापूर आपल्याला पुण्यापेक्षा जवळ आहे, तिकडची माणसं बोलवावीत. पंगत एकच. सोफे नाहीत. कलाकाराला बोलावतानाच सांगायचं, मानधन नीट देऊ, पण तीन दिवस राहायचं, नाहीतर येऊ नका. मला खात्री आहे, तरुण गवई तर धावत येतील, कारण त्यांनाही एकमेकांचं ऐकायला कुठं मिळतं?

साउंड माझं, एक रुपया घेणार नाही. आतल्या बैठकांना दोन छोटे बॉक्स पुरतील, पहाटेला तेही नकोत. पन्नास सतरंज्या माझ्या गोडाऊनला आहेत. भाचा मे महिन्यात सुट्टीवर येतोय, केबलला तो बसेल. जागा आणि स्वयंपाक बघणारी चार माणसं हवीत, ज्यांना जमेल त्यांनी खाली लिहा किंवा दुकानावर या. आणि अक्कलकोटचे ते आजोबा कुणाच्या ओळखीचे असतील, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली वही घेऊन कार्यक्रमांना येतात, तर त्यांना एवढा निरोप द्या की पहिली सतरंजी त्यांच्यासाठी ठेवलीय.