बेडूक, मिरी आणि तुमची शितं

नमस्कार सर,

बेडकाच्या नजरेवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा ओशाळलो. ‘बेडकाला न हलणारी वस्तू दिसतच नाही’ असं मी ठोकून दिलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत, ‘मग आमच्या सत्तरी तालुक्यातला बेडूक कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, पाटातल्या दगडावर नेमका जाऊन बसतो, तो काय डोळे मिटून?’ यावर मला उत्तर नाही. वाक्य चुकलंच. मूळ संशोधक ‘दिसत नसावं, निदान त्याची फिकीर तरी नसावी’ इतपतच बोलले होते. तो सावधपणा मी गाळला.

पण ‘अमेरिकन बेडकाचं शहाणपण गोव्याच्या बेडकाला शिकवू नका, आणि माशी ओळखणारी नस वगैरे थापा आहेत’ हे मात्र मला पटत नाही.

१९५९ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत लेटव्हिन, मातुराना, मॅककलक आणि पिट्स यांनी बेडकाच्या डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या एकेका तंतूपाशी बारीक इलेक्ट्रोड नेऊन त्याचे विजेचे ठोके नोंदवले. चार तऱ्हा मुख्य निघाल्या. एका तऱ्हेचा तंतू त्याच्या टापूत, म्हणजे समोरच्या दृश्याच्या त्याच्या वाट्याच्या तुकड्यात, एखादी कड येऊन थांबली तरी ठोके देत राहतो, म्हणजे माझं वाक्य याच प्रयोगात खोटं पडलं होतं! तिसरी तऱ्हा सरकणाऱ्या कडांची, चौथी अंधारून येण्याची, सावली पडण्याची. गाजली ती दुसरी. लहान, काळपट, बाकदार कडेची वस्तू टापूत शिरली की हा तंतू बोलतो, आणि ती झटके देत सरकली तर आणखी जोरात. मोठ्या वस्तूची सरळ कड आली तर जवळजवळ गप्प. त्यांनी गवताफुलांचं एक रंगीत चित्र बेडकापुढे हलवून बघितलं. हा तंतू ढिम्म. त्याच चित्रावर माशीएवढा तुकडा लोहचुंबकाने फिरवला, तर लगेच बोलू लागला.

यात नसेला माशी ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. हा तंतू डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या, म्हणजे दृष्टिपटलावरच्या, एका पेशीतून निघतो. त्या पेशीचा एक मधला टापू असतो, तो तिला चेतवतो. भोवतालचा भाग तिला दाबतो. किडा मधल्या टापूत मावतो. मोठी वस्तू भोवतालही व्यापते आणि पेशीला गप्प करते. ‘माशी’ हे नाव आपण मागून दिलेलं. तिथवर तुमची चिडचिड रास्त आहे.

आता गोव्याचा बेडूक. माझ्या फोंड्याच्या घरी पावसात ओसरीच्या दिव्याखाली एक येतो. खरखरीत कातडीचा, म्हणजे टोड. (मराठीत दोघेही बेडूकच, आपण उगाच भेद करत नाही.) पहिल्या पावसानंतर पंख गळलेल्या वाळव्यांचा खच पडला होता. निपचित पडलेल्यांच्या मधोमध हा बसलेला. एखादीने पाय झाडला की मान तिकडे आणि जीभ बाहेर. मी काळ्या मिरीचा दाणा दोऱ्याला बांधून वीतभर लांबून ओढला. ओढत होतो तोवर तो वळून बघत होता, थांबलो की तोही थांबायचा. तिसऱ्या झटक्याला त्याने दाणा गिळला आणि लगेच पुढच्या पायांनी तोंड पुसत बाहेर काढला. त्यानंतर त्याच्यामागे अख्खं वर्तमानपत्र हलवलं, त्याला काही नाही.

मग काडीपेटीची काडी. आडवी, लांबीच्या दिशेने ओढली तर तो पुढे वाकला. उभी धरून तशीच सरकवली तर बसून राहिला. ही युक्ती माझी नव्हे. जर्मनीत एव्हर्ट यांनी टोडपुढे पुठ्ठ्याच्या पट्ट्या फिरवून हेच दाखवलं, आणि ही निवड करणाऱ्या पेशी त्यांना मेंदूच्या टेक्टम या भागात सापडल्या. माझ्या ओसरीवर इलेक्ट्रोड नव्हता, तेव्हा मी फक्त वागणं बघितलं, नस नव्हे. पण वागणं तेच होतं.

तुमचा पाटातला दगड राहिलाच. १९७३ साली डेव्हिड इंगल यांनी दाखवलं की बेडकाचं एका बाजूचं टेक्टम काढलं तर तो विरुद्ध बाजूच्या भक्ष्याकडे वळत नाही, पण त्याच विरुद्ध बाजूचा अडथळा मात्र नीट चुकवतो. म्हणजे किड्याची वाट वेगळी, दगडाधोंड्यांची वेगळी. मी पहिल्या वाटेबद्दल लिहिलं आणि दुसरी जणू नाहीच अशा थाटात लिहिलं. मूळ लेखातलं ते वाक्य आज रात्री बदलतो, खाली तुमचा उल्लेख करून.

तुमच्या शेवटच्या मुद्द्यापाशी मी अडलोय. भांडी घासायच्या जागेवरची भाताची शितं बेडकाने खाल्ली, हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंत म्हणता, म्हणजे बघितलंच असणार. शिताला मुंग्या लागल्या होत्या का, सर? की पाण्यासोबत ते वाहत होतं? पुढच्या खेपेला बॅटरी थोडी जवळ धरून बघा आणि इथेच कळवा.