मंगळावर कंपनीचा कायदा? एक खुलासा

गेले काही दिवस इंदूरच्या आपल्या मराठी व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतोय: ‘मंगळावरच्या वसाहतीत कंपनीचंच राज्य असेल, पृथ्वीवरचा कायदा तिथे चालणार नाही, स्टारलिंकच्या करारात तसं छापलंय.’ रामबागेतल्या दोघा-तिघांनी मला तो पाठवला, म्हणून लिहितोय.

करारातलं कलम खरं आहे. स्टारलिंक ही स्पेसएक्स कंपनीची उपग्रहांवरून इंटरनेट देणारी सेवा; तिच्या २०२० मधल्या सेवाअटींत मंगळ हा ‘मुक्त ग्रह’ आहे आणि तिथल्या व्यवहारांवर पृथ्वीवरच्या कोणत्याही सरकारचा अधिकार नाही, असं म्हटलं होतं. पण हा कंपनी आणि ग्राहक यांच्यातला करार. त्याने देशादेशांतला करार रद्द होत नाही.

१९६७ च्या बाह्य अवकाश कराराचं सहावं कलम सांगतं की खासगी कंपनीच्या अवकाशातल्या कामांची जबाबदारी तिच्या देशाची; परवानगी आणि सततची देखरेखही त्याचीच. आठव्या कलमानुसार नोंदणीकृत यानावर आणि त्यातल्या माणसांवर नोंदणी करणाऱ्या देशाचा अधिकार कायम राहतो, मग ते यान मंगळावर का असेना. भारतही या करारात आहे.

मात्र भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. हवा, पाणी, पगार आणि परतीचं तिकीट एकाच मालकाच्या हाती असेल, तर कामगार संप कसा करणार? कायदा कागदावर असून भागत नाही, हे इंदूरला कोणी शिकवायला नको. हुकुमचंद मिल १९९२ मध्ये बंद पडली; कामगारांच्या थकबाकीचा २२४ कोटींचा धनादेश निघायला डिसेंबर २०२३ उजाडला.

तेव्हा मजकूर पुढे पाठवताना ‘कायदाच नाही’ हे वाक्य कृपया काढा.