उजवा इंडिकेटर

लेकीचं लर्निंग लायसन्स आलं. अठरा पूर्ण झाल्या झाल्या तिनं अर्ज केला होता. सहा महिन्यांची मुदत, तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची टेस्ट. तोवर गाडीला पुढे-मागे लाल 'एल' आणि शेजारच्या सीटवर लायसन्स असलेलं माणूस, म्हणजे मी. क्लासचे सर चांगले आहेत. हाफ क्लच, चढावर गाडी मागे न येऊ देणं, रिव्हर्स, सगळं न चिडता शिकवतात. पण परवा ती घरी येऊन म्हणाली, "आई, पुढच्या ट्रकनं उजवा इंडिकेटर दिला ना, की समजायचं त्यानं साइड दिली. मग बिनधास्त काढायची." मी हातातली परात खाली ठेवली आणि तिला समोर बसवलं.

2003 चा डिसेंबर. मी आणि दादा मोटारसायकलवरून कराडहून पाटणला निघालो होतो. तिन्हीसांजेची वेळ, उसाचा हंगाम, रस्त्यावर धुरळा. पुढे एक ट्रक बराच वेळ सावकाश चालला होता. त्याचा उजवा इंडिकेटर लागला. दादानं गिअर उतरवला, गाडी उजवीकडून काढली आणि ट्रक उजवीकडच्या शेतरस्त्याला वळला. मी नांगरलेल्या रानात पडले म्हणून वाचले. दादाच्या मांडीत रॉड आहे. जिना चढताना तो अजूनही कठडा धरतो.

आम्हाला दवाखान्यात त्या ट्रकवाल्यानंच पोचवलं. तो भिंतीला टेकून एकच वाक्य परत परत म्हणत होता, "ताई, मी इंडिकेटर दिला होता." आणि आत स्ट्रेचरवर दादा म्हणत होता, "त्यानं साइड दिली होती गं." दोघंही खरं बोलत होते.

त्या दोन वाक्यांवर मी आजवर खूप विचार केलाय. जुन्या नियमांत मागच्याला 'पुढे जा' म्हणायला वेगळी खूण होती: उजवा हात खिडकीबाहेर काढून मागून पुढे, अर्धवर्तुळात हलवायचा. वळायचं असेल तर तोच हात सरळ आडवा, तळवा पुढे. वेग कमी करायचा तर तळवा खाली करून हात वर-खाली. प्रत्येक खुणेला एकच अर्थ. मला वाटतं, हात बाहेर काढायची सवय गेली आणि त्याचं काम त्या एका पिवळ्या दिव्यावर येऊन पडलं. आता कोणी साइड द्यायला उजवा दाखवतो, कोणी डावा. मागच्यानं नेमकं काय समजायचं? दिवा वळण्यासाठी आहे. 'ये पुढे' असा त्याचा अर्थ कुठल्याच नियमात नाही.

चारी इंडिकेटरचंही तेच. चौकात सरळ जायचं म्हणून चारी लावतात. डावीकडून येणाऱ्याला त्यातला फक्त डावा दिसतो, त्याला वाटतं ही गाडी वळणार, आणि तो पुढे घुसतो. कुंभार्ली घाटात धुकं आलं की सगळ्यांचे चारी सुरू. मग पुढची गाडी चालतेय की बंद पडून उभी आहे, ते कळायला मार्ग राहत नाही, आणि ती वळणार असली तरी तिचा इंडिकेटर ओळखू येत नाही. ते दिवे बंद पडलेल्या गाडीसाठी आहेत. धुक्यात हेडलाइट लो बीमवर ठेवायचा आणि वेग उतरवायचा.

डिपरचं तर विचारूच नका. अरुंद पुलावर समोरच्यानं डिपर मारला, म्हणजे हेडलाइटची उघडझाप केली, तर 'तू ये' की 'थांब, मी येतोय'? आमच्याकडे दोन्ही अर्थ चालतात. लेकीला मी सांगितलंय, दुसरा अर्थच धर आणि थांब. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा मात्र खरा नियम आहे, तो पाठ ठेव.

तिला चिन्हं सगळी पाठ आहेत. त्रिकोण सावध करतो, गोल आज्ञा देतो, अष्टकोन म्हणजे थांबाच. ते मी विचारलंसुद्धा नाही.

मी तिच्याकडून घोकून घेते ते अंतर. ताशी 60 वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच एवढा रस्ता संपतो, गाडी थांबायला लागते ती त्याच्यानंतर. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावरचं अंतर चौपट होतं. म्हणून पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मोजायचं, "एक हजार एक, एक हजार दोन." त्याआधी आपण खांबापाशी पोचलो तर फार जवळ आहोत. पावसात हेच चारपर्यंत मोजायचं. ट्रकच्या मागे तर याची फार गरज, कारण त्याच्या आरशात आपल्याला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नसतो.

काल त्याच पाटण रस्त्यावर तिला चालवायला दिली. पुढे ट्रक होता. त्याचा उजवा इंडिकेटर लागला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला. मागचा जीपवाला हॉर्न वाजवत राहिला आणि शेवटी आम्हालाही ओलांडून गेला. ट्रक काही वळला नाही. इंडिकेटर तसाच चालू होता, साइड देत असेल किंवा विसरला असेल. ती ओठ हलवत मोजत होती. मल्हारपेठ येईपर्यंत आम्ही त्याच्या मागेच होतो.