डिकीचे लीटर आणि व्हॉट्सअ‍ॅपचा हिशोब

दसरा-दिवाळी जवळ आली की गाडी घेणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मजकूर न चुकता फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच: ‘संसारी माणसाने हॅचबॅक घेऊ नये. डिकी नावालाच असते, आकडे बघा. दोन बॅगा टाकल्या की भरली. सीट पाडली तर माणसं कुठे बसवणार? सीएनजी घेतलीत तर भाजीची पिशवीसुद्धा मावत नाही. जास्त सामान भरलं तर घाटात गाडी बसते. त्यापेक्षा थोडे पैसे घाला आणि सेडान नाहीतर छोटी एसयूव्ही घ्या.’ खाली हात जोडलेले आणि ‘जनहितार्थ प्रसारित’. (हॅचबॅक म्हणजे मागे काचेसकट वर उघडणारं दार असलेली गाडी, सेडान म्हणजे मागे डिकीची वेगळी शेपटी असलेली.)

सीएनजीबद्दलचं बरचसं खरं आहे. बाकी मुद्दे ज्याने कधी मागची सीट पाडूनच पाहिली नाही त्याने लिहिल्यासारखे वाटतात. एकेक घेऊ.

‘डिकी नावालाच असते, आकडे बघा.’

बघितले. स्विफ्टची डिकी २६५ लीटर, त्याच घराण्यातल्या डिझायरची ३८२. वरवर पाहता विषय संपला. पण हे लीटर मोजतात कसे? डिकीत पाणी ओतून कोणी मोजत नाही. वीस बाय दहा बाय पाच सेंटिमीटरचे ठोकळे रचतात. असा एक ठोकळा म्हणजे बरोबर एक लीटर. किती ठोकळे बसले तो डिकीचा आकडा. हॅचबॅकमध्ये हे ठोकळे साधारणपणे पार्सल ट्रे नावाच्या डिकीवरच्या आडव्या फळीपर्यंत, म्हणजे काचेच्या खालच्या कडेपर्यंतच रचतात. ट्रेपासून टपापर्यंतची जागा त्या आकड्यात धरलेलीच नसते. सेडानच्या डिकीवर मात्र पत्र्याचं झाकण आहे, तिचा आकडा म्हणजे तिची सगळी जमापुंजी. हॅचबॅकचा ट्रे दोन दोऱ्या सोडवल्या की हातात येतो. तो काढून घरी माळ्यावर टाकला की छापील आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

ट्रे न काढताही बघा. वॅगन आर ३६५५ मिलिमीटर लांब, डिकी ३४१ लीटर. डिझायर ३९९५ मिलिमीटर, डिकी ३८२. चौतीस सेंटिमीटरनी आखूड गाडी आणि फरक एक्केचाळीस लीटरचा. वॅगन आरचं टप उंच आहे हे त्यामागचं कारण. तिच्या दिसण्यावरून लोक नाक मुरडतात ते मुरडोत बापडे, पण सामान उभं राहतं ते त्या उंचीमुळेच.

‘दोन बॅगा टाकल्या की भरली.’

इथे फॉरवर्डवाल्याला थोडं झुकतं माप देतो. विमानात चेक-इनला चालणारी मोठी बॅग लांबी, रुंदी, उंची मिळून साधारण १५८ सेंटिमीटरच्या आत असते. ७६ बाय ५० बाय ३० धरली तर एक बॅग ११४ लीटरची झाली. दोन बॅगा २२८ लीटर, म्हणजे गणिताने स्विफ्टमध्ये आरामात. प्रत्यक्षात कडक कवचाची बॅग कुठे दबत नाही. एक आत गेली की दुसरी ट्रेला अडते. ट्रे काढा, दोन्ही उभ्या करा, वर एखादी केबिन बॅग ठेवा. बसतं. फक्त मागच्या काचेतून सामान बाहेरच्यांना दिसतं आणि आतल्या आरशात बॅगेशिवाय काही दिसत नाही. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा घेऊन वारंवार विमानतळावर जायचं असेल तर सेडान बरी, पण ती चार मीटरच्या आतली नको.

का, ते सांगतो. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ वर आला आणि लहान म्हणजे चार मीटरच्या आतली अशी व्याख्या झाली. मग कंपन्यांनी सेडानच्या शेपट्या छाटल्या. २००८ साली टाटांची इंडिगो सीएस आली. डिझायरसुद्धा आधी चार मीटरच्या वर होती, २०१२ मध्ये ती ३९९५ वर आली. शेपटी छाटली, पण मागच्या माणसाचं डोकं आणि काचेचा उतार तर राहायलाच हवा. त्यामुळे आखूड झालं ते डिकीचं झाकण. आत पोटभर जागा आणि तोंड एवढंसं. मिक्सर-ग्राइंडर मावतो. मोठ्या मायक्रोवेव्हचा खोका मात्र आतल्या जागेत बसेल इतका असूनही कधी कधी तोंडातून जात नाही, मग तो मागच्या सीटवर बेल्ट लावून बसतो. त्यात काही गाड्यांत झाकणाच्या बिजागरीचे बाकदार दांडे खाली आत येतात. बॅगा रचून झाकण लावलं की ते नेमके वरच्या बॅगेवर टेकतात. हे कुठल्याच लीटरच्या आकड्यात दिसत नाही. म्हणून शोरूममध्ये जाताना घरातली सगळ्यात मोठी बॅग आणि मोजपट्टी सोबत न्यावी. सेल्समन हसेल. हसू दे.

‘सीट पाडली तर माणसं कुठे बसवणार?’

हा प्रश्न विचारणाऱ्याने पाच माणसं आणि ढीगभर सामान हे रोजचंच चित्र धरलंय. रोज गाडीत किती जण असतात ते आपल्या सोसायटीच्या गेटवर पाच मिनिटं उभं राहून बघा.

आमच्या भजनी मंडळाचं सामान एका जुन्या वॅगन आरमधून फिरतं. चालवणारा पुढे, शेजारी पखवाजवाले, मागे एक जण. मागच्या सीटचा मोठा भाग पाडलेला. आधी दोन कॉलम स्पीकर आडवे, पाडलेल्या सीटवरून थेट डिकीच्या दारापर्यंत. त्यांच्या कुशीत पेटी तिच्या खोक्यासकट. पखवाज गलेफ घालून आडवा, दोन्ही पुड्यांना काही टेकणार नाही असा. अँप्लिफायर सीटच्या पायथ्याशी, कारण तो जड. टाळांची पिशवी कुठेही. सगळ्यात शेवटी शालीत गुंडाळलेली वीणा. ती कशाच्याही खाली ठेवायची नाही हा नियम, म्हणून ती सगळ्यांच्या वर. तिचा दांडा पुढच्या दोन सीटच्या मधून डोकावतो आणि मागे बसलेला माणूस एका हाताने तो धरून असतो. कीर्तनाहून रात्री परतताना तो हात कधी बधिर होतो, पण सगळं एका गाडीत येतं.

हेच सामान डिझायर किंवा होंडाच्या अमेझसारख्या छोट्या सेडानमध्ये भरून दाखवा. त्यांची मागची सीट पडत नाही. डिकी आणि बसायची जागा यांच्यात भिंत आहे. स्पीकर लांबीला अडतो आणि वीणेला तीन माणसांच्या मांडीवरून जावं लागतं. सायकल, घडीचा पलंग, नर्सरीतून आणलेलं आंब्याचं कलम, सगळ्यांची हीच गत. गणपतीचंच बघा. दोन फुटी मूर्ती हॅचबॅकमध्ये उभी ठेवता येते, बाजूने उशा लावल्या की हलत नाही. सेडानच्या डिकीत ती आडवी करण्याचा प्रश्नच येत नाही, कोणीतरी मांडीवर घेऊन अवघडून बसायचं.

फॉरवर्डवाल्याने एक गोष्ट नीट सांगितली असती तर मी त्याचे आभार मानले असते. साठ-चाळीस सीट, म्हणजे पाठीचे दोन भाग वेगवेगळे पाडता येणारी, प्रत्येक व्हेरिएंटला नसते. बऱ्याच स्वस्त व्हेरिएंटमध्ये मागची पाठ एकसंध असते, पाडली तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही. अशा गाडीत त्याचा प्रश्न शंभर टक्के योग्य. पैसे वाचवायचे असतील तर टचस्क्रीनवर वाचवा, या सीटवर नको. शिवाय पाठ पडली तरी तळ सपाट होतोच असं नाही, मध्ये पायरी उरते आणि तिच्यावर लांब खोका तिरका बसतो. होंडाच्या जॅझमध्ये पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असल्यामुळे मागची सीट अगदी तळाशी बसायची. सिनेमागृहातल्या खुर्चीसारखी तिची बैठक वर उचलून कुंडीसुद्धा उभी ठेवता यायची. सामान वाहण्यासाठी इतकी डोकं लावून बनवलेली हॅचबॅक आपल्याकडे दुसरी आली नाही. २०२३ मध्ये ती बंद झाली. आपण तिला विकत घेतलं नाही, दुसरं काय.

‘सीएनजी घेतलीत तर पिशवीसुद्धा मावत नाही.’

खरं आहे. साठ लीटरचं एकच सिलिंडर आडवं टाकलं की डिकीत कडेच्या खोबणींत काय बसेल तेवढंच. पण हा दोष हॅचबॅकच्या माथी का? डिझायरमध्येही सिलिंडर डिकीतच असतं. मुंबई विमानतळाबाहेर टॅक्सींच्या टपांवर कॅरियर असतात ते हौसेने लावलेले नाहीत. टाटांनी २०२३ मध्ये अल्ट्रोजमध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन छोटी सिलिंडर डिकीच्या तळाखाली बसवली आणि ३४५ लीटरमधले २१० वाचवले. सीएनजी घ्यायची आणि सामानही वाहायचं असेल तर असलीच रचना शोधावी. आणि एकच सिलिंडर असलेली हॅचबॅक असली तरी सिलिंडरच्या वर टपापर्यंत जागा असते, तिथे हलकी बॅग आडवी जाते. सेडानमध्ये सिलिंडरच्या वर लगेच झाकण.

‘घाटात गाडी बसते.’

गाडी बसते ती वजनाने. तिला मागे दार आहे की झाकण, याने काही फरक पडत नाही. वॅगन आरचं रिकामं वजन साधारण साडेआठशे किलोच्या आत-बाहेर, भरून चालणारं कमाल वजन १३४० किलोच्या आसपास. मधलं अंतर पाचशेच्या जवळ. सत्तर किलोची पाच माणसं म्हणजे साडेतीनशे गेले. उरले फार तर दीडशे. त्यात गावाकडून तांदळाची दोन पोती आणि हापूसच्या चार पेट्या घातल्या की हिशोब काठावर येतो. सेडानचाही येतो, छोट्या एसयूव्हीचाही येतो. सामानाला जागा आहे म्हणून वजनाला परवानगी आहे असं होत नाही, एवढंच.

बोजा कुठे ठेवला याने मात्र खूप फरक पडतो. पोतं डिकीच्या दाराला टेकवलं की सगळा भार मागच्या चाकांच्याही मागे पडतो. नाक वर उचललं जातं, स्टिअरिंग हलकं लागतं आणि ताम्हिणीत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तुमचे दिवे जातात. पोती सीटच्या पाठीला चिकटवून किंवा पुढच्या सीटच्या मागे पायाशी ठेवावीत. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबाजवळ हवेच्या दाबाचा स्टिकर असतो, त्यावर भरलेल्या गाडीचा दाब वेगळा दिलेला असतो. निघण्याआधी तेवढी हवा भरून घ्यावी. दिव्यांचा झोत खाली करायचं चाक बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या उजवीकडे असतं आणि बहुतेकांनी ते कधी फिरवलेलं नसतं.

हॅचबॅकची खरी उणीव त्या मजकुरात आलीच नाही. डिकी आणि माणसं यांच्यात भिंत नाही. सीटच्या पाठीपेक्षा उंच रचलेलं सामान करकचून ब्रेक लागला की पुढे येतं, आणि स्टीलचा डबा मानेवर आला तर तो डबा राहत नाही. जड वस्तू तळाशी, वर फक्त कपडे-उशा, आणि डिकीतल्या हुकांना दोरी. माणूस बसलेला नसला तरी मागच्या सीटचे बेल्ट लावून ठेवले की पाठीला आधार मिळतो. दार अर्धवट उघडं ठेवून दोरीने बांधून नेणं तर नकोच. नंबर प्लेट दिसत नाही हा भाग वेगळा, सायलेन्सरचा धूर सरळ आत ओढला जातो.

‘थोडे पैसे घाला आणि छोटी एसयूव्ही घ्या.’

ब्रेझाची डिकी ३२८ लीटर. वर सांगितलेल्या वॅगन आरची ३४१. एक्स्टर ३९१ आणि पंच ३६६ अशा काही खरंच मोठ्या आहेत, पण उंच गाडी म्हणजे मोठी डिकी हे समीकरण नुसतं दिसण्यावरून मांडलेलं आहे. उंच गाडीत पोतं चढवताना डिकीचा उंबरठाही उंच येतो, ते कंबरेलाच विचारा. आणि एसयूव्हीसारखी दिसणारी फ्राँक्स तर बलेनो या हॅचबॅकवरच बेतलेली. तिची डिकी ३०८ लीटर आणि साध्या, बुटक्या, स्वस्त बलेनोची ३१८.