मार्व्हलचं दिवाळं डीसीमुळे निघालं नव्हतं

रत्नागिरी-चिपळूणकडच्या कॉमिक्सवेड्या पोरांमध्ये सध्या एक गोष्ट छातीठोकपणे सांगितली जातेय: १९९६ साली मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स कंपनीचं दिवाळं निघालं, कारण कथा भिकार झाल्या आणि वाचक डीसी या प्रतिस्पर्धी कंपनीकडे वळले. हे चूक आहे.

डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला, इतकंच यात खरं. बुडवलं ते कर्जाने. उसन्या पैशांवर खेळाडूंची वगैरे चित्रं असलेली, जमवायची कार्डं आणि स्टिकरच्या कंपन्या विकत घेतल्या आणि नेमका कार्डांचा धंदा बसला. त्यातच, पुढे भाव येईल म्हणून अंक साठवणाऱ्यांची लाटही ओसरली. ही लाट जोरात असताना, १९९१ मध्ये, मार्व्हलच्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांच्या आसपास प्रती दुकानांत गेल्या, कारण तोच अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांत काढला होता.

डीसी तरी वेगळं काय करत होती? १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या सीलबंद पिशवीत आला. वर रक्ताळलेलं ‘एस’ चिन्ह, आत दंडाला बांधायची काळी फीत. कित्येकांनी ती पिशवी फोडलीच नाही. पुढच्याच वर्षी सुपरमॅन परत आला! लाट ओसरल्यावर झळ दोघांनाही बसली, अमेरिकेत कॉमिक्सची हजारो दुकानं बंद पडली.

मार्व्हलच्या स्पायडरमॅनची क्लोनवाली, म्हणजे त्याच्या हुबेहूब प्रतिकृतीची, कथा तेव्हा नको तितकी ताणली होती, हे मीही मांडवीपासून मिरकरवाड्यापर्यंत कुणालाही सांगेन. कथांवर जरूर भांडा, पानं उघडून भांडा. पण त्यासाठी दिवाळखोरीचा दाखला देऊ नका.