टीबीच्या गोळ्या आणि ‘अविश्वास’

चार ग्रुप फिरून तो मेसेज मिरजेला माझ्या मावशीकडे पोचला आणि तिने टीबीच्या गोळ्या बंद केल्या. मेसेज थोडक्यात असा: गोळी घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास. खरा ख्रिस्ती दवाखान्याची पायरी चढत नाही. गोळ्यांनी रक्त नासतं, लाल लघवी हा पुरावा. एका बहिणीचा खोकला तेल लावून प्रार्थना केल्यावर थांबला. आणि प्रार्थनेनंतरही जे गेले, त्यांचा विश्वास कमी पडला.

लघवीचं आधी. तो रंग रिफाम्पिसिन या औषधाचा. रक्ताचा त्याच्याशी काही संबंध नाही. घामाला, डोळ्यांच्या पाण्यालाही तो येतो. गोळ्या देणाऱ्या सिस्टरला एकदा विचारायला काय झालं होतं?

त्या बहिणीचा खोकला थांबला असेलही. पण ती गोळ्या घेत होती की नाही, हे मेसेजमध्ये नाही. गोळ्या सुरू झाल्या की काही आठवड्यांत खोकला, ताप उतरतो, भूक लागते. जंतू मात्र आत शिल्लक असतात, म्हणून तर साध्या टीबीलाही सहा महिन्यांचा कोर्स. मध्येच सोडलात तर उरलेले जंतू त्याच औषधांना दाद देईनासे होऊ शकतात, आणि खोकल्यातून जातात घरातल्या पोराबाळांकडे. मावशीच्या मांडीवर दीड वर्षाचा नातू असतो.

तेल लावून प्रार्थना करा, असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे (५:१४). मान्य. पाळक येऊन गेले की मावशीला झोप लागते, हेही खरं. पण गोळ्या टाका असं त्यात कुठे आहे? बायबलमध्येच हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला यशया संदेष्ट्यानेच सांगितलं होतं.

दवाखान्याच्या पायरीबद्दल मिरजकरांना काय सांगता! डॉ. वानलेस मिशनरी म्हणूनच इथे आले आणि १८९४ साली हॉस्पिटल उभं केलं.

शेवटचा मुद्दा तर निव्वळ क्रूर. नवऱ्याला नुकतंच दफन करून आलेल्या बाईला हे वाचायला लावता? ज्या प्रेषित पौलाच्या अंगावरचे रुमाल नेले तरी रोगी बरे होत, तोच पौल लिहितो की सोबती त्रफिमाला आजारी म्हणून मिलेत शहरात ठेवून आलो (२ तीमथ्य ४:२०). विश्वास कुणाचा कमी पडला, पौलाचा की त्रफिमाचा?

चुकलेल्या गोळ्यांचं काय करायचं ते विचारायला मावशीला घेऊन उद्या दवाखान्यात जातोय. ॲडमिनना हे डिलीट करायचं असेल तर आधी तो मेसेज करा.