रेडिओ स्टेशनची वाट लावायची आहे? या, बसा

मोठ्या शहरातलं चालतं रेडिओ स्टेशन हातात आलंय? अभिनंदन. आता ते आहे तसं चालू ठेवण्याचा वेडेपणा करू नका.

फॉरमॅट, म्हणजे कुठली गाणी नि कसं निवेदन हा सगळा साचा, रातोरात बदला. आमच्या स्टेशनने गेल्या आठवड्यात अगदी हेच केलं. गाणं लावण्याआधी गीतकार-संगीतकाराचं नाव नीट सांगणारे निवेदक एकाएकी गायब, आणि त्यांच्या जागी दोन जण उगाचच खिदळतायत. जाणाऱ्याला निरोपाचं एक वाक्यही बोलू द्यायचं नसतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

एकाच निवेदकाचं बोलणं आधी रेकॉर्ड करून चार शहरांत वाजवा. फक्त पावसाबद्दल त्याला बोलू देऊ नका.

गाणी तीनशेच ठेवा. तीही जास्तच.

आता वयाचं. जाहिरातदाराला 25 ते 54 वयाचा श्रोता हवा असतो, तेव्हा 55 वं लागलं की माणूस वजा करा. त्या वाढदिवसापासून तो साबण लावत नाही, गाडी घेत नाही, नातवंडांवर खर्च करत नाही, सगळं बंद! कर्ज फिटलेलं, हातात पैसा, घरात दिवसभर रेडिओ चालू, जाहिरात लागली तरी हात कामात असल्यामुळे स्टेशन बदलत नाही. असला श्रोता काय कामाचा? त्यापेक्षा त्या विशीतल्या पोराच्या मागे धावा, जो कानात स्वतःची प्लेलिस्ट घालून फिरतो आणि ज्याच्याकडे रेडिओच नाही. मोजणीचीही काळजी नको. पूर्वी अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत श्रोते डायरीत लिहून द्यायचे की काय ऐकलं. लाडक्या स्टेशनचं नाव आठवणीने लिहायचे. मग कमरेला लावायचं पेजरसारखं यंत्र आलं. ते प्रक्षेपणातला कानाला न कळणारा संकेत टिपतं, त्यामुळे दुकानात कुणी लावलेला रेडिओसुद्धा तुमच्या खात्यात जमा. मन लावून ऐकलं काय नि जाता जाता कानावर पडलं काय, सारखंच.

न्यूयॉर्कचं उदाहरण मात्र वाचू नका. तिथल्या डब्ल्यूसीबीएस-एफएम या स्टेशनने 1972 पासून चालवलेला जुन्या गाण्यांचा फॉरमॅट जून 2005 मध्ये एका दुपारी फेकून दिला आणि निवेदकांशिवाय चालणारा 'जॅक' नावाचा फॉरमॅट आणला. जुलै 2007 मध्ये गुपचूप... छे, चांगला गाजावाजा करून जुनी गाणी परत आणावी लागली. तुमचं तसं होणार नाही. तुमच्याकडे सल्लागार आहेत ना!

त्या सल्लागारांनी कधी सलग तासभर तुमचं स्टेशन ऐकलंय का हो? वर्षानुवर्षं तुमच्या भिकार जाहिराती आम्ही निमूट ऐकल्या, त्यावर तुमचे पगार निघाले, आणि आता आमचं वय झालं म्हणून आम्ही कचरा? ती फ्रीक्वेन्सी तुमच्या बापाची नाही, परवान्यावर मिळालेली आहे. बदल करायचा तर करा, पण आधी सांगा, कारण द्या. आणि तक्रारीला फोन केला की 'तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे' ही टेप लावू नका. फोन उचला आणि चार शिव्या ऐकून घ्या.